थोरल्या हुड्यावरची येळवस

येळवशीच्या दिवशी उपाशी राहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमचे शिवलिंगअप्पा.

आमच्या धाराशिवकडं मार्गशीर्षातल्या अमावस्येला उपाशी राहतो म्हटलं तरी कुणी राहू देत नाही. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शिवारं भरतात. शेतात कडब्याची खोप उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, एक कानडी ललकारी देत शेताला फेरी घालायची (तिचा अर्थ मला आजवर कुणी धड सांगितलेला नाही), आणि मग जेवायला बसायचं ते दिवस कलेपर्यंत. पालेभाज्या, ओला हरभरा, तुरीचे दाणे असं सगळं ताकपिठात शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, धपाटे, गव्हाची खीर आणि मडक्यातली गार अंबील. वाटेनं कुणीही जात असो, ओळखीचा वा परका, त्याला हाक मारून खोपीत बसवायचं. त्यानं नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं तर तो शेताचा अपमान होतो. माझ्यासारख्या खादाड माणसासाठी हा सण कुणीतरी मुद्दाम काढला असावा असं मला लहानपणी वाटायचं. आणि नेमक्या याच दिवशी मला चार वर्षं उपाशीपोटी डोंगर चढावा लागला, तो अप्पांमुळं.

मी मूळचा भूमचा. निजामाच्या राज्यात मास्तरकी मिळाली ती बालाघाटाच्या पायथ्याच्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून आहेत, आणि अप्पांबद्दल आपल्याला मास्तरपेक्षा जास्त माहीत आहे असं त्यांचं ठाम मत आहे. शाळा सरकारी, उर्दू आधी, मराठी मागून. राहायला अप्पांच्या कापडदुकानामागची खोली मिळाली. वळकटी घेऊन दारात उभा राहिलो तेव्हा अप्पा एका बाईला लुगडी दाखवत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "बसा मास्तर. घाई काय हाय? डोंगूर कुठं जातोय?"

डोंगर कुठं जातोय, हे त्यांचं कशालाही उत्तर असे. शाळेची वेळ झाली म्हणा, पावसानं ओढ दिली म्हणा, दुकानाचं छप्पर गळतंय म्हणा. डोंगर दुकानाच्या दारातून समोरच दिसायचा, त्यामुळं तो जागेवर आहे याची त्यांना रोज खात्री पटत असे.

अप्पा जातीचे लिंगायत, धंद्यानं कापडवाले. गळ्यात लिंग, कपाळावर विभूती, आणि मांडीवर सदा कुठलंतरी कापड. लोखंडी गज भिंतीला टेकवून ठेवलेला असायचा, पण तो सरकारी तपासणीसाला दाखवण्यापुरता. खण असो की मांजरपाट, अप्पा स्वतःच्या हातानं मोजायचे, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. त्यांचा हात चांगला लांब होता, म्हणून आसपासच्या खेड्यांतल्या बायका दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नसत. जगातली सगळी अंतरंही ते कापडातच सांगायचे. तुळजापूर किती लांब, तर ताग्याभर वाट. शेजारचं गाव म्हणजे चोळीचा खण. मी एकदा हैदराबाद विचारलं. बराच वेळ विचार करून ते म्हणाले, "तेवढं कापड म्या ठेवत न्हाय."

त्यांचं आजोळ अणदूरच्या पलीकडचं, त्यामुळं घरात कानडी. राग आला की ते कानडीत बोलत, कुणाला कळू नये म्हणून. निम्म्या गावाला कानडी कळत होती. पण ते अप्पांना कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि त्यामुळं गावाची चांगली करमणूक होत असे.

आणि त्यांचा रुमाल. आमच्याकडं डोक्याला गुंडाळायच्या पटक्याला रुमाल म्हणतात. अप्पांचा रुमाल पांढराशुभ्र आणि लांबलचक. पहाटे आरसा दोन गुडघ्यांत धरून ते तो बांधत, आणि त्यानंतर झोपेपर्यंत तो डोक्यावरून हलत नसे. न्हावी आला की आधी दाराला कडी लागायची. अप्पांचं उघडं डोकं गावात कुणीच पाहिलेलं नव्हतं. कुणी म्हणे टक्कल आहे, कुणी म्हणे लहानपणी अस्वलानं ओरबाडलंय. मी त्यांच्या घरात राहत असल्यानं लोक मला खाजगीत विचारायचे. मलाही काही माहीत नव्हतं, पण मी असं हसायचो की त्यांना वाटावं याला माहीत आहे.

बायको लेक लहान असतानाच गेली. लेकीला, नीलव्वाला, अप्पांनीच वाढवलं. तिची वेणीसुद्धा तेच घालायचे, दुकानाच्या ओट्यावर बसून. वेणी घालताना गिऱ्हाईक आलं तर गिऱ्हाईक थांबत असे. मी गावात आलो तेव्हा नीलव्वा सासरी होती आणि तिच्या माहेरचं येणं-जाणं तुटलेलं होतं. ही गोष्ट गावानं मला पहिल्याच महिन्यात सांगितली, प्रत्येकानं वेगवेगळी. मी ती चाळून घेतली.

गावाच्या मावळतीला बालाघाटाची एक लांब सोंड आहे. धावडा, साग, पळस, खाली तरवड आणि करवंदीच्या जाळ्या. माथ्यावर ओळीनं तीन हुडे. हुडा म्हणजे दगडी टेहळणी बुरूज. कुठल्या राजानं बांधले कुणाला माहीत नाही; लोक त्यांना धाकला, मधला आणि थोरला म्हणतात. मधल्या हुड्यावर जंगलखात्याचा पहारेकरी खाजासाब बसायचा, वणव्यावर नजर ठेवून. थोरला हुडा अगदी धारेवर. त्याच्या अलीकडं निजाम आणि पलीकडं इंग्रज. पलीकडच्या उतारावर, हुड्याच्या खाली थोड्या अंतरावर पांढऱ्या दगडांची एक ओळ होती. तिथून नीलव्वाच्या सासरचं शिवार सुरू व्हायचं.

लग्नानंतरच्या पहिल्या येळवशीला व्याही सिद्रामप्पांनी अप्पांना शेतात जेवायला बोलावलं. अप्पा हौसेनं निघाले. डोंगरातून सरळ न जाता ते सोंडेला वळसा घालणाऱ्या गाडीवाटेनं गेले, आणि तिथंच चुकले. गाडीवाट शेताशेतांतून जाते, आणि अप्पा तर कापडवाले. एकेक शेत म्हणजे एकेक गिऱ्हाईक. पहिल्या खोपीतून हाक आली, या अप्पा. नाही कसं म्हणणार? दोन उंडे खाल्ले. पुढच्या खोपीत भज्जी. त्यापुढं खीर. मग अंबील, मग पुन्हा भज्जी. दुपार टळून गेल्यावर अप्पा पोट धरत व्याह्यांच्या खोपीत पोचले, तर तिथं सगळं घर त्यांच्यासाठी उपाशी थांबलेलं. पान वाढलं गेलं. अप्पांनी एक घास घेतला आणि दुसऱ्याला हातच उचलेना.

"नगं आता," ते म्हणाले.

सिद्रामप्पाही तसलेच तापट. आमच्या शेतातलं गोड लागेना होय, असं ते म्हणाले. अप्पांनी पोट भरलंय एवढं सांगितलं असतं तर हसून सगळं मिटलं असतं. पण लेकीच्या सासरी, सगळ्यांपुढं, आपण रस्ताभर खात आलो हे कसं सांगायचं? ते उलटून म्हणाले, नको म्हणजे नको, घशात कोंबणार का? एका शब्दाला दुसरा लागला. सिद्रामप्पा म्हणाले, आमच्या अन्नाला नाही म्हणणाऱ्याच्या दारात आमची सून जाणार नाही. अप्पा म्हणाले, तर मग तुमच्या शिवारात माझाही पाय पडणार नाही. आणि उठले. जावई बापापुढं तोंड न उघडणारा. नीलव्वा हातात पळी घेऊन तशीच उभी राहिली.

पुढं चार जाणत्यांनी मध्यस्थी केली. मुलीचा बाप म्हणून अप्पांनी आपला रुमाल व्याह्यांच्या पायावर ठेवावा म्हणजे मिटेल, असं ठरलं. अप्पांनी ऐकून घेतलं आणि उत्तर दिलं, "ह्यो रुमाल आता मातीआड जातानाच सुटंल."

इतकं मोठं वैर, आणि मुळाशी काय, तर भरलेलं पोट. ऐकल्यावर मला हसू आलं होतं. येळवस आली तेव्हा ते गेलं.

येळवशीच्या आदल्या दिवशी अप्पा म्हणाले, "मास्तर, जरा धूसर दिसायलंय मला. उद्या संगं येताव का? डोंगरावर हवा खाऊन येऊ."

येळवशीला हवा खायला नेणारा यजमान मिळणं हे माझं नशीब. पण ज्याच्या घरात राहतो त्याला नाही म्हणता येईना. तांबडं फुटायच्या आत आम्ही निघालो. गाडीवाटेनं नाही, जंगलातून. जिथं शेत नाही तिथं खोप नाही, आणि खोप नाही तिथं हाक नाही. व्याह्यांकडचं ते झाल्यापासून अप्पा येळवशीला याच वाटेनं जात होते.

ती वाट मी कधी विसरणार नाही, कारण तिनं माझं धोतर फाडलं. करवंदीचे काटे, पायाखाली सुटे दगड, आणि धावड्याच्या फांद्यांवर बसून आमच्याकडं कीव आल्यागत बघणारी वानरं. अप्पा मात्र रुमालाला फांदी लागू न देता वाकून, वळून, सराईतपणे चढत होते. मी दर वळणाला थांबायचो. ते पुढं जाऊन उभे राहायचे आणि डोंगराबद्दलचं आपलं ते वाक्य म्हणायचे. त्या दिवशी ते मला अजिबात आवडलं नाही.

धाकल्या हुड्याजवळ ऊन आलं. तिथून आमच्या गावचं सगळं शिवार दिसतं. जागोजागी खोपी, खोपींतून धूर, आणि वाऱ्यावर भज्जीचा वास. मी त्या दिशेला तोंड करून बसलो. अप्पांनी तिकडं पाठ केली. मधल्या हुड्यावर खाजासाबनं गुळाचा चहा पुढं केला. मी घेतला. अप्पांनी हात आडवा धरला.

"मास्टर, अप्पा के साथ आए?" खाजासाब मला म्हणाला. "तो फिर आज भूके रहना."

थोरला हुडा गाठला तेव्हा सूर्य चांगला वर आला होता. आतला जिना पडका. अप्पा हातापायांवर चढले, वर जाऊन कठड्याला टेकले आणि डोळ्यांवर हाताची सावली धरून खाली बघायला लागले. पलीकडच्या उतारावरही खोपीच खोपी. ज्वारी उभी, मध्येच हिरवा हरभरा.

"दिसली का?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, लेक दिसली का असं विचारताहेत. एवढ्या लांबून माणूस कसा ओळखणार? मग एका खोपीच्या शेंड्यावर उंच काठीला बांधलेलं लुगडं दिसलं, वाऱ्यावर फडकणारं. जांभळं, लाल पदराचं. मी तसं सांगितलं.

"इरकल हाय. गेल्या सालचं," अप्पा म्हणाले आणि खाली बसले.

मी खोदून खोदून विचारलं तेव्हा मला सगळं कळलं. ते दरवर्षी लेकीसाठी एक नवं इरकल आणत आणि हुड्याच्या भिंतीतल्या देवळीत दगडाखाली ठेवून जात. खाजासाब ते पलीकडच्या धनगरांच्या हाती पोचवत असे. पुढच्या येळवशीला नीलव्वा तेच लुगडं आपल्या खोपीवर चढवायची. बापाला कळावं की मिळालं, आणि मी कुठल्या खोपीत आहे. घरची माणसं जेवली की ती स्वतः जेवायला बसायची, आणि बसण्याआधी लुगडं खाली उतरवायची.

आम्ही वाट बघत बसलो. उपाशी माणसाला वेळ किती लांब वाटतो ते मला त्या दिवशी समजलं. शेवटी लुगडं उतरलं. मी सांगितल्याबरोबर अप्पांनी शिदोरी सोडली. भाकरी आणि शेंगांची चटणी, बाकी काही नाही. पहिला घास त्यांनी खालच्या शिवाराकडं धरला आणि हळूच म्हणाले, "बस बाय. खा पोटभर."

मग ते जेवले, न बोलता, अगदी सावकाश, पंगतीत बसल्यासारखे. मी जेवताना फार बोलतो अशी माझी ख्याती आहे. त्या दिवशी माझ्याच्यानंही बोलवलं नाही. त्यानंतर येळवस आली की अप्पांना विचारावंच लागलं नाही. मीच पहाटे चपला घालून दारात उभा राहायचो.

त्या लुगड्यांपायी एकदा खाजासाब चांगलाच अडकला. तो स्वतःच लुगडं घेऊन पलीकडं उतरत असताना करोडगिरीच्या शिपायांनी त्याला धरलं. निजामाच्या हद्दीतून माल बाहेर न्यायचा म्हणजे नाक्यावर जकात भरावी लागे, आणि हा तर आडवाटेनं चाललेला. नाकेदारानं विचारलं, हे लुगडं कुणाचं? अप्पांचं नाव काढायचं नाही असा खाजासाबनं शब्द दिलेला. त्याला दुसरं काही सुचेना. म्हणाला, "मेरा." छातीपर्यंत दाढी असलेला, जंगलखात्याचा पट्टा घातलेला खाजासाब आणि हातात हिरवं इरकल. नाकेदार इतका हसला म्हणे, की जकात मागायची राहूनच गेली. पुढं बरेच दिवस बाजारात लोक खाजासाबला विचारायचे, आज लुगडं नाही नेसलास? तो दाढीवरून हात फिरवायचा, पण अप्पांचं नाव त्यानं कधी घेतलं नाही.

मग ते वाईट वर्ष आलं. तिकडं देश स्वतंत्र झाला आणि आम्ही निजामातच राहिलो. रझाकारांच्या धास्तीनं गावंच्या गावं रात्रंदिवस जागी राहू लागली. लोक गाठोडी बांधून डोंगर ओलांडायला लागले. आमचं गावही निघालं. वाट तीच, तीन हुड्यांची, आणि उतरायचं तेही त्याच शिवारात. मी अप्पांना चला म्हणालो. ते दुकानाच्या ओट्यावर बसून राहिले.

"समदे त्याच शिवारात उतरणार," ते म्हणाले. "म्या पाय कसा ठिवू, मास्तर?"

मी चिडलो. जिवावर बेतलं असताना शब्द कसला धरून बसलात, असं त्यांना तोंडावर बोललो. ते कानडीत काहीतरी पुटपुटले, म्हणजे राग आला होता. मग रुमाल नीट केला आणि म्हणाले, "तुमी व्हा म्होरं. डोंगूर कुठं जातोय?"

पलीकडं उतरलो तर सिद्रामप्पा आपल्या शेताच्या तोंडाशी उभे. उंच, भरदार आवाजाचा, पांढऱ्या मिशांचा माणूस. गोठे, कडब्याच्या छपऱ्या, सगळं त्यांनी आमच्या गावासाठी मोकळं केलं होतं आणि स्वतः वाढत होते. येणाऱ्या प्रत्येकाला पाणी देता देता ते एकच विचारत होते, अप्पा आला न्हाय? मी नाही म्हटल्यावर त्यांनी आणखी चौघांना विचारलं. मला वाटलं होतं तो माणूस मला आवडणार नाही. पण आवडला. अप्पांचाच दुसरा नमुना होता, फक्त उंच.

त्या वर्षीची येळवस मी डोंगराच्या या बाजूनं पाहिली. नीलव्वाला मी प्रथमच जवळून पाहत होतो. चेहरा अप्पांचा आणि बोलणं त्यांच्याहून कमी. तिनं सकाळीच खोपीवर हिरवं इरकल चढवलं. वर थोरल्या हुड्यावर आता निजामाच्या बंदुकवाल्यांचा पहारा बसलेला. तिथं अप्पा येणं शक्य नव्हतं, हे तिला माहीत होतं. पंगती उठल्या, आम्ही सगळे जेवलो, पण लुगडं काठीवर तसंच. सिद्रामप्पा म्हणाले, बस आता सूनबाई.

"कशी बसू, मामा?" ती म्हणाली. "वर कुणी बसलं न्हाय."

मग तिनं सगळं सांगितलं. माहेरचं लुगडं कुठूनतरी येतं याकडं सिद्रामप्पा काणाडोळा करायचे, पण ते ती पाखरं उडवायला खोपीवर लावते असंच त्यांना इतकी वर्षं वाटत होतं. ते मान वर करून हुड्याकडं बघत राहिले.

"म्हंजी इतकी सालं त्यो आपल्यासंगंच जेवायलाय?" ते म्हणाले.

ते शेवटी बसणारे. त्यांचं पान नुकतंच वाढलं होतं. ते त्यांनी दुसऱ्या पानानं झाकून ठेवलं आणि उठून बैलांकडं गेले. त्या दिवशी त्या घरात दोन माणसं जेवली नाहीत. डोंगरापलीकडं तिसरं होतं.

पोलीस ॲक्शन झाली आणि आम्ही परत गेलो. अप्पा होते, पण निम्मे झाले होते. दुकान बंद, घरात धान्य नाही. सगळं गाव ओस असताना खाजासाब डोंगर उतरून त्यांना ज्वारी आणि तुरीची डाळ आणून द्यायचा. लोक परतल्यावर काहीजण खाजासाबकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागले. अप्पांनी त्याला दुकानाच्या गादीवर आपल्या शेजारी बसवलं आणि दिवसभर बसवून ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून.

त्या वर्षी येळवशीला आम्ही तिघं निघालो. अप्पांचे गुडघे धरले होते, डोळे तर जवळजवळ गेलेच होते. एका बाजूनं खाजासाब, एका बाजूनं मी. दर थोड्या वाटेनं बसत होतो. थोरल्या हुड्याचा जिना त्यांना चढवता चढवता दुपार झाली. पहारा उठलेला, हुडा मोकळा.

"दिसली का?"

मी बघितलं. पुन्हा बघितलं. खोपी होत्या, धूर होता, पण लुगडं कुठंच नव्हतं. सिद्रामप्पांच्या शेतात तर खोपच दिसेना. मी कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून आलो, आणि त्यावरूनच अप्पांना कळलं. ते म्हणाले थांबू. आम्ही थांबलो. ऊन कललं. खाजासाबनं भाकरीचा तुकडा पुढं केला. अप्पांनी तो चाचपला आणि परत त्याच्याच हातात ठेवला. मला मघापासून भज्जीचा वास येत होता, पण अप्पांबरोबर आल्यावर तो मला दरवर्षीच यायचा.

मग अप्पा एकदम उठले. "म्या खाली जातो, मास्तर."

"कुठं?" मी विचारलं. "त्यांच्या शिवारात?"

"लेकीचं काय झालं ते बघाया नगं का? पडू दे पाय."

एवढ्या वर्षांचा शब्द त्यांनी असा, कठड्याला हात टेकवून उठता उठता, सोडून दिला. आम्ही त्यांना धरेपर्यंत ते जिना उतरायला लागले होते, बसत, घसरत. पलीकडच्या दिंडीतून बाहेर पडले आणि तिथंच खिळले.

हुड्याच्या भिंतीला लागून, करवंदीच्या जाळीआड, कडब्याची खोप उभी होती. आम्ही वरून सगळा वेळ लांब बघत बसलो होतो आणि खोप पायाखाली होती; वाऱ्यात एकमेकांचा आवाज कुणालाच पोचला नव्हता. शेंड्यावर इरकल नव्हतं, कारण ते नीलव्वा नेसली होती. पान वाढलेलं. आणि सिद्रामप्पा पळी घेऊन उभे, आपला भरदार आवाज कुठंतरी विसरून आल्यासारखे.

"अप्पा, हितं कुणाचं शिवार न्हाय," ते म्हणाले. "हुडा सरकारचा. आन सरकार आता दोन्हीकडं एकच हाय. बसा."

अप्पा बसले. सिद्रामप्पा वाढत गेले आणि अप्पा खात गेले. भज्जी, उंडे, खीर, पुन्हा भज्जी. एकदाही त्यांनी पानावर हात आडवा धरला नाही. शेवटी नीलव्वानंच सासऱ्याच्या हातातली पळी काढून घेतली आणि म्हणाली, आता पुरे, मला बाप जिता पाहिजे. तेव्हा दोघं व्याही हसले. मीही त्या दिवशी इतका जेवलो की उठताना खाजासाबचा हात धरावा लागला.

त्यानंतर लौकरच माझी बदली नळदुर्गला झाली. काही वर्षांनी अप्पा गेल्याचं कळलं. त्यांना लिंगायतांच्या रीतीनं मातीत बसवलं तेव्हा रुमाल डोक्यावरच होता, म्हणजे आपला शब्द त्यांनी शेवटपर्यंत पाळला, असं त्या गावात अजून अभिमानानं सांगतात. ते खरं नाही. पण मी कुणाला दुरुस्त करायला गेलो नाही.

झालं असं, की जेवणं झाल्यावर सिद्रामप्पा घरी चला म्हणाले. अप्पा म्हणाले, पुढल्या साली. आज चाललो तर खीर वाटेतच सांडेल. नीलव्वानं बापाच्या गळ्याला मिठी मारली आणि ती सासऱ्याच्या मागून उतरायला लागली. मी आणि खाजासाब अलीकडं येऊन चपला घालत होतो. अप्पा आमच्यामागं असतील असं धरून चाललो होतो. वळून बघितलं तर नव्हते. वर बघितलं.

ते पुन्हा हुड्यावर चढले होते, कसे ते त्यांनाच ठाऊक. कठड्याला पोट टेकवून उभे होते, बोडक्या डोक्यानं. रुमाल त्यांनी सगळा उलगडला होता आणि त्याचं एक टोक दोन्ही हातांनी उंच धरलं होतं. तो लांबच लांब पांढरा रुमाल उतरत्या उन्हात पलीकडच्या बाजूला फडफडत होता. डोक्यावर पांढरे, बारीक कापलेले केस होते. लपवण्यासारखं काहीसुद्धा नव्हतं.

मी धावत पलीकडं गेलो. खाली उतारावर सिद्रामप्पा थांबले होते. त्यांनी वर एकदा बघितलं आणि व्याह्याचं उघडं डोकं दिसताच मान खाली घातली. नीलव्वा पांढऱ्या दगडांच्या पुढं गेली होती. तिनं डोक्यावरचा पदर काढून हातात उंच धरला होता आणि ती तो हलवत होती. वर अप्पांना त्यातलं काही दिसत नव्हतं. ते भलत्याच बाजूला तोंड करून रुमाल हलवत होते.

"मास्तर," त्यांनी वरून विचारलं, "म्या दिसलो का तिला?"

"दिसलात, अप्पा," मी ओरडून सांगितलं. "दिसलात."